सुनेचा खून आणि धूलकोटचा टॉर्च

“ताई, सुनेचा खून करायचा हाये. आज होईल का उद्या येऊ?”

असं विचारणाऱ्या माणसाला मी सगळ्या नोकरीत एकदाही पोलिसात दिलं नाही. “आणलंय का सूनबाईंना? मग बाही वर करून बसवा,” एवढंच म्हणत आले.

बुऱ्हाणपुरात राहणाऱ्याला यात काही वावगं वाटायचं नाही. आमच्या मराठीत हिंदी इतकी मुरलेली आहे, की रक्ताला आम्ही खून म्हणतो, रक्त तपासण्याला खून करणं म्हणतो, आणि रक्त काढणाऱ्या बाईला, म्हणजे मला, खूनवाली ताई. माझी जळगावची आत्या एकदा माझ्याबरोबर भाजीबाजारात होती. गर्दीतून एक बाई मोठ्याने म्हणाली, “ओ खूनवाली ताई, माझ्या सासूचा खून तुम्हीच केला होता ना? काय हलका हात तुमचा. तिला कळलं पण नाही.” आत्याने हातातली मेथीची जुडी परत ढिगावर ठेवली आणि घर येईपर्यंत माझ्यापासून चार पावलं लांब चालली.

तर मी लॅब टेक्निशियन. गेल्या वर्षी निवृत्त झाले. वडील दुसऱ्याच्या पॉवरलूमवर कारागीर होते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.एस्सी. झाले, मग लॅबचा डिप्लोमा केला. पदवी हातात आली तेव्हा वडिलांनी तिला काच बसवून घेतली आणि देव्हाऱ्याच्या वर खिळा ठोकला.

“देवापेक्षा वर?” आई म्हणाली.

“देव बी.एस्सी. झालेत का?” वडील म्हणाले.

ती पदवी अजून तिथेच आहे. मी रोज सकाळी देवाला हात जोडते, त्यातला थोडा नमस्कार वर जातो. मला त्यात लाज वाटत नाही.

आमचा दवाखाना बायकांचा. त्यामुळे माझ्या सुईसमोर आल्या त्या बहुतेक पोटुशा. लोकांना वाटतं, गरोदर बाईचं रक्त काढतात ते रक्त कमी आहे का ते बघायला. ते तर बघतोच. पण आणखी एक गोष्ट असते. बाळाला पोटात सगळं आईकडून मिळतं. कधीकधी त्याच वाटेने एखादा जंतूही जातो. यातले काही जंतू असे साळसूद, की आईला नुसती कणकण येते, अंगावर बारीक पुरळ उठतं, दोन दिवसांत सगळं शांत. ती धुणं धुते, भाकऱ्या थापते, विसरून जाते. आणि आत बाळाचे डोळे, कान, हृदय घडत असताना तोच जंतू तिथे जाऊन बसतो. आईच्या तोंडाकडे बघून हे कळत नाही. रक्ताकडेच बघावं लागतं.

म्हणून प्रत्येक गरोदर बाईच्या काही तपासण्या करायच्याच असतात. एचआयव्हीची, काविळीतल्या एका प्रकाराची, आणि व्हीडीआरएल नावाची, गरमीच्या रोगाची. गरमीचा रोग वेळेत सापडला तर साध्या पेनिसिलिनच्या इंजेक्शनने बाळ वाचतं. इतकं सोपं आहे. अवघड असतं ते नवऱ्याला बोलावणं, कारण इंजेक्शन दोघांना लागतं.

एका बाईंची व्हीडीआरएल पॉझिटिव्ह आली, म्हणून नवऱ्याला निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी एक तरणा माणूस आला. नाव बरोबर सांगितलं, गाव बरोबर सांगितलं, बाही वर केली. मी सुई हातात घेतली आणि सहज विचारलं, “बायकोचं नाव?”

“वहिनी,” तो म्हणाला.

मी सुई खाली ठेवली. तो माझ्याकडे बघत राहिला, मग स्वतःच्या दंडाकडे, मग म्हणाला, “ताई, दादा बाहेर पानाच्या टपरीवर उभा हाये. त्याले सुईची भीती वाटते. मले वाटलं भावाभावाचं खून तं एकच असतं.”

दादांना आत आणलं. ते माझ्या टेबलाजवळ पोहोचेपर्यंत उभे होते, त्याच्यापुढचं त्यांना आठवत नाही. बाळ पुढे ठणठणीत झालं.

आता टॉर्चची गोष्ट.

सुपडूभाऊ धूलकोटचे. केळी आणि कापूस, दोन्ही करणारे. उन्हाने रापलेला, उंच, कानावर पांढरे केस असलेला माणूस. एके दिवशी ते आले ते सगळं घर घेऊन. बायको कमलबाई, मुलगा गणेश, सून पूनम. पूनमला तिसरा महिना होता. आधीच्या वर्षी तिचा पहिला गर्भ याच सुमाराला पडला होता. म्हणून या वेळी गावच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर एक तपासणी लिहून दिली आणि तोंडी सांगितलं, बुऱ्हाणपूरला जाऊन टॉर्च करून आणा.

सुपडूभाऊंनी पिशवीत हात घातला आणि माझ्या टेबलावर एक टॉर्च ठेवला. हातभर लांब, स्टीलचा, कोरा. काचेवरचा प्लॅस्टिकचा कागदसुद्धा काढलेला नव्हता.

“घ्या ताई. सेल टाकेल हायेत. घरी जुना व्हता, पन म्हटलं दवाखान्यात न्यायचा तं नवा पाहिजे.”

मी ओठ दाताखाली धरले. गणेश छताच्या पंख्याकडे बघू लागला. पूनमने ओढणी तोंडावर घेतली होती, पण तिचे खांदे हलत होते.

कमलबाई नवऱ्याला म्हणाल्या, “म्या सांगतलं नव्हतं? मोबाईलमदी टार्च असते म्हनून. पैसे वर आलेत तुमचे.”

तिकडे रावेरकडे, महाराष्ट्रात गेलं की या वस्तूला बॅटरी म्हणतात. तिथे हा घोटाळा झालाच नसता. पण आम्ही मध्य प्रदेशातले मराठी. आमच्यात बॅटरी ट्रॅक्टरला असते आणि हातात धरायचा तो टार्च. मी त्यांना सांगितलं, की टॉर्च हे नाव चारपाच रोगांच्या इंग्रजी नावांची पहिली अक्षरं जोडून केलेलं आहे. मांजराच्या विष्ठेतून, कच्च्या मांसातून येणारा एक, गोवरासारखं पुरळ आणणारा रुबेला नावाचा एक, आणखी दोन, आणि मधे ‘इतर’ म्हणून एक अक्षर. रक्त घेणार आहे, उजेड पाडायचा नाही.

“मंग याचं काय करू?” सुपडूभाऊ टॉर्चकडे बघत म्हणाले.

“केळीत पाणी द्यायला न्या.”

त्यांनी तो उचलून पिशवीत घातला, पण अशा तोंडाने, की जणू मी त्यांचा आहेर परत केला होता.

मी पूनमचं रक्त घेतलं. हात बारीक, शीर चांगली. तिने सुईकडे न बघता माझ्याकडे बघितलं. “ताई, मागच्या बारी कोणीच काही तपासलं नव्हतं,” ती हळूच म्हणाली. “या बारी सगळं तपासा.”

आमच्याकडून ते रक्त मोठ्या लॅबमध्ये गेलं. त्या लॅबचा रिपोर्ट थेट पेशंटच्या मोबाईलवर येतो. काही दिवसांनी सकाळी सकाळी सुपडूभाऊ एकटेच हजर. हातात मावा जलेबीचा डबा.

“तोंड गोड करा. पॉझिटिव्ह आला.”

मी जलेबी घेतली. आमच्या गावची मावा जलेबी काळी, जाड, आणि समोर आली की माणूस आधी खातो, मग कारण विचारतो. मी एक घास घेऊन विचारलं, “काय पॉझिटिव्ह आलं?”

“टार्च. दिवस राह्यले तवा ते पट्टीवालं पॉझिटिव्ह आलं, तवा बी वाटली व्हती. आता पोराची परीक्षा झाली, त्यात बी पॉझिटिव्ह. पास झालं.” आणि त्यांनी मोबाईल पुढे केला.

रुबेला, आयजीएम, पॉझिटिव्ह.

मी उरलेली जलेबी कागदावर ठेवली. सुपडूभाऊंनी माझा हात खाली जाताना पाहिला. हा माणूस घडावर नुसती थाप मारून केळी किती दिवसांत उतरवायची ते सांगणारा. त्यांना आणखी काही सांगावं लागलं नाही. “काय झालं?” एवढंच त्यांनी विचारलं.

रिपोर्टचा अर्थ सांगणं हे माझं काम नाही. ते मी कधी केलं नाही. “डॉक्टर मॅडमना दाखवा. आज त्या बाहेरगावी आहेत, उद्या पूनमला घेऊन या,” मी म्हटलं.

पण उद्यापर्यंत धूलकोट काही थांबणार नव्हतं. गणेशचा एक मामेभाऊ आहे, तो मोबाईलवर सगळं वाचतो. त्याने रुबेला वाचलं. बाळ आंधळं होतं, बहिरं होतं, हृदयाला भोक पडतं, असं त्याने जेवायला बसलेल्या घराला वाचून दाखवलं. त्याने वाचलं त्यात खोटं काही नव्हतं. फक्त ते कुणाच्या बाबतीत, कधी होतं, हा भाग खाली होता आणि तिथपर्यंत तो सरकला नाही.

दुसऱ्या दिवशी आले तेव्हा घरात ठरवून आले होते. कमलबाईंनी मला बाजूला घेतलं. “खाली करून टाकू म्हनतो ताई. आंधळं लेकरू कोन पाहीन? आमी काय सदा राहनार हाओत का?” त्यांचे डोळे सुजलेले होते. त्या वाईट बाई नव्हत्या. घाबरल्या होत्या.

पूनम बाकावर बसली होती. शेजारी तिची आई, जसोंडीच्या इंदूबाई. त्यांना कुणीतरी फोन केला होता आणि त्या तशाच निघून आल्या होत्या. आणि विहीणबाई समोर दिसताच कमलबाईंच्या रडण्याला तोंड फुटलं.

“तुमी सांगतलं नही लग्नात, पोरीले काय बिमारी हाये म्हनून.”

“माही पोर?” इंदूबाई ताठ झाल्या. “माह्या पोरीले कवा शिंक माईत नही. तुमच्या घरी आली तवा ढोलावानी खनखनीत व्हती.”

“मंग माह्या घरी लागलं म्हनता?”

“म्या कवा म्हटलं? तुमीच म्हनू राह्यल्या.”

मॅडमनी सगळ्यांना आत बोलावलं. मलाही, कारण पुन्हा रक्त घ्यायचं होतं. आमच्या मॅडम कमी बोलणाऱ्या. त्यांनी रिपोर्ट पाहिला आणि पूनमला विचारलं, “दिवस राहिल्यापासून ताप, पुरळ, सांधेदुखी?” पूनमने मान हलवली, नाही. मग आईकडे वळून विचारलं, “लहानपणी हिला गोवरासारखं काही झालं होतं? अंगावर पुरळ, ताप? कुठला आजार?”

इथे काय पणाला लागलं होतं ते सांगायला हवं. रुबेला एकदा होऊन गेला, की शरीर त्याला सहसा विसरत नाही. पूनमला तो लहानपणी होऊन गेला असेल, तर बाळाला जवळजवळ धोका नाही. आणि कधीच झाला नसेल, तर आत्ता, याच तीन महिन्यांत झाला असण्याची शक्यता मोठी. बाळ ठेवायचं की नाही, हा प्रश्न त्या एका उत्तराभोवती फिरत होता.

“नही,” इंदूबाई म्हणाल्या. “काई नही झालं.”

“नीट आठवा.”

“काय आठवू? माही पोर कवाच बिमार पडली नही.” विहिणीसमोर त्या दुसरं काही बोलणारच नव्हत्या. आमच्याकडे मुलीची आई लग्नाच्या बैठकीत जे एकदा सांगते, ते ती मरेपर्यंत सांगते.

मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं. गणेश परत पंख्याकडे बघू लागला.

“आई,” पूनम म्हणाली, “माता नव्हती का आली? मी दुसरीत होते. मावशीचं लगन सोडून आपण घरी बसलो होतो.”

“माता आली व्हती ना,” इंदूबाई लगेच म्हणाल्या. “साऱ्या अंगावर बारीक बारीक. दाराले कडूनिंब लावला व्हता. घरात फोडनी नही दिली, कंगवा नही लावला. ठंडी करून, नैवेद दाखवून मान देऊन पाठवली मातेले.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. “मग मघाशी नाही का म्हणालात?”

“तुमी बिमारी विचारली.” इंदूबाई मॅडमकडे अशा बघत होत्या, जणू मॅडमच काही अशुभ बोलल्या. “माता का बिमारी व्हय? ती पाहुनी येते. तिले बिमारी म्हनलं तं कोपते ती.”

मी भिंतीकडे तोंड केलं. मॅडमसुद्धा हसल्या, इतक्या तणावात. आणि सगळ्यात आश्चर्य, कमलबाई विहिणीच्या बाजूने उभ्या राहिल्या. “बराबर हाये त्यायचं. मातेले कोनी बिमारी म्हनत नही. आमच्याकडे बी नही म्हनत.”

मॅडमनी सगळं समजावलं. आली ती माता म्हणजे रुबेलाच, असं नक्की म्हणता येत नाही. गोवरही असेल, दुसरं काही असेल. आठवणीवर बाळाचा निकाल लावता येत नाही. पण थांबायला हे पुरेसं कारण आहे. आणखी एक तपासणी आहे, तिचा रिपोर्ट आल्याशिवाय काहीही करायचं नाही. “आणि खाली करायचं असेल तर सही हिची लागते,” त्या कमलबाईंना म्हणाल्या. “तुमची नाही, गणेशची नाही. पूनम, तू काय म्हणतेस?”

“रिपोर्ट येऊ द्या,” पूनम म्हणाली. “मी कुठे पळून चालले?”

दोन प्रकारचे पहारेकरी रक्तात असतात, एवढं वाचकांनी समजून घ्यावं. जंतू आला की आधी धावतात ते आयजीएम. हे वरातीतल्या बँडवाल्यांसारखे. सगळ्यांच्या आधी येतात, गोंगाट करतात आणि थोड्या दिवसांनी निघून जातात. त्यांच्यामागून आयजीजी येतात, ते घरातलेच होऊन राहतात, जन्मभर. रिपोर्टमध्ये आयजीएम दिसलं म्हणजे बँड वाजतोय, म्हणजे वरात नुकतीच आली, असा अर्थ निघतो. पण बँडवाले कधीकधी चुकीच्या दारात वाजवतात. कधी वरात जाऊन महिने झाले तरी एखादा पिपाणीवाला गल्लीत रेंगाळत असतो. पॉझिटिव्ह या एका शब्दावर कुणी जलेबी वाटू नये आणि कुणी रडूही नये.

मी रक्त घेत असताना पूनमने विचारलं, “ताई, आता ही कोणती तपासणी?”

मी तिला लूमची गोष्ट सांगितली. धागा तुटला की कारागीर गाठ मारतो. नव्या कारागिराची गाठ ओढली की सुटते. माझ्या वडिलांची गाठ ओढली तर धागा दुसरीकडून तुटायचा, पण गाठ नाही. आयजीजीचंही तसंच आहे. रोग ताजा असेल तर ते जंतूला सैल धरतात. जुना असेल तर त्यांचा हात बसलेला असतो, ते घट्ट धरतात. या तपासणीत लॅबमध्ये ती गाठ अक्षरशः धुऊन, ओढून बघतात. सुटली तर दुखणं नवं, टिकली तर जुनं, बाळ पोटात येण्याच्या आधीचं.

सुपडूभाऊ दारात उभे राहून ऐकत होते, हे मला नंतर कळलं. कारण पुढचे काही दिवस ते रोज येऊ लागले. केळीची गाडी सोडायला आलो होतो म्हणायचे. इतकी केळी धूलकोटात कुणाकडे पिकत नाही.

“ताई, गाठ सुटली का?”

“अजून काही कळलं नाही, भाऊ.”

“सुटू नका देऊ,” असं मला बजावून जायचे, जणू ती गाठ माझ्या ड्रॉवरमध्ये होती.

त्या दिवसांत मला तुकईथडकडून आलेलं एक बाळ आठवत राहिलं. त्याची आई कळा सुरू झाल्यावरच पहिल्यांदा दवाखान्यात आली होती. तपासायला काही वेळच नव्हता. मी त्याच्या टाचेतून रक्त घेतलं तेव्हा त्याच्या डोळ्यांच्या दोन्ही बाहुल्यांत दूध सांडल्यासारखं पांढरं दिसत होतं. पुढे डोळ्यांचं ऑपरेशन झालं, कानांचं काही होऊ शकलं नाही, असं ऐकलं. आमच्या कामात रक्ताच्या बहुतेक नळ्या येतात आणि जातात, त्यांना चेहरा नसतो. त्या एका नळीला होता. आता लहान मुलांना गोवर-रुबेलाची लस देतात, तशी पांढरी बाहुली मी पुढे पाहिली नाही. पण लस मोफत असते आणि तरी एखादं लेकरू राहून जातं, याची मला अजून चीड येते.

या वेळी रिपोर्ट मोबाईलवर न पाठवता आमच्या लॅबच्या कॉम्प्युटरवर मागवला होता; तो आला तेव्हा सगळ्यांत आधी मी वाचला. दवाखान्यात धावायचं नाही असा मीच पोरींना नियम घालून दिला होता. त्या दिवशी जिन्यात माझी एक चप्पल मागे राहिली.

मॅडमच्या खोलीत रिपोर्टसाठी बोलावलेलं सगळं घर बसलेलं होतं. मॅडमनी कागद हातात घेतला, चष्मा लावला आणि गाठीची पकड कशी आहे ते इंग्रजीत लिहिलं होतं तसंच म्हणाल्या, “हाय आहे.”

‘हाय’ ऐकताच कमलबाईंनी कपाळावर हात मारला आणि मोठ्याने रडायला सुरुवात केली. त्यांचं ऐकून इंदूबाई सुरू झाल्या. एवढे दिवस एकमेकींना दोष देणाऱ्या विहिणी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मॅडम “अहो, हाय म्हणजे जास्त, जास्त,” म्हणत होत्या, आणि त्या म्हणत होत्या, “जास्त हाये वं माय, जास्त हाये.”

सुपडूभाऊ त्यांच्याकडे बघतच नव्हते. ते माझ्याकडे बघत होते. माझ्या एका पायात चप्पल नव्हती, त्याकडेही त्यांचं लक्ष गेलं असावं.

“गाठ?” त्यांनी विचारलं.

“पक्की,” मी म्हटलं.

ते खाली बसले. खुर्ची तिथे होती हे नशीब.

विहिणींना गप्प करायला बराच वेळ लागला. खरं काय ते कळल्यावर दोघी पटकन लांब झाल्या आणि पदर सावरू लागल्या. पूनम मात्र आधीपासूनच हसत होती, ओढणी न घेता.

तरी मॅडमनी सांगून ठेवलं, की बाळ झाल्यावर त्याला एकदा नीट बघायचं. डोळे, कान, हृदय, आणि त्याचं स्वतःचं रक्त. कारण आयजीएम हा बँडवाला आईकडून बाळाकडे जाऊ शकत नाही. बाळाच्या रक्तात तो सापडला, तर तो बाळाने स्वतः बोलावलेला, म्हणजे जंतू आत पोहोचला होता. सापडला नाही, बाकी सगळं नीट असलं, तर विषय संपला.

मुलगी झाली. सकाळची वेळ, स्वच्छ ऊन. बाळाचे डॉक्टर बघायला आले. छातीला नळी लावून ऐकलं, ठीक आहे अशी मान हलवली. मग म्हणाले, “सिस्टर, टॉर्च द्या, डोळे बघतो.”

सिस्टरने खिशातला छोटा टॉर्च दिला. सेल उतरलेले. दुसरा शोधला, तो कुणीतरी वॉर्डात नेला होता. डॉक्टरांनी स्वतःचा मोबाईल काढला तर तो चार्जिंगअभावी बंद. सिस्टर इकडून तिकडे धावली. पूनम खाटेवरून डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत होती. मीही तिथेच होते, टाचेतून रक्त घ्यायला आलेली.

सुपडूभाऊंनी पिशवीत हात घातला.

हातभर लांब, स्टीलचा. काचेवरचा प्लॅस्टिकचा कागद अजून तसाच.

“म्या तं पहिल्याच दिवशी आनला व्हता,” ते म्हणाले.

मी त्या वेळी काय केलं ते लिहीत नाही. एवढंच सांगते, की सिस्टरने मला धरून बाहेर नेलं आणि डोळे पुसायला कापूस दिला. परत आले तेव्हा डॉक्टर टॉर्चच्या काचेवर बोटं पसरून उजेड कमी करत होते. “बाबा, हा टॉर्च आहे की विमानतळ?” ते म्हणाले. बोटांच्या फटीतून त्यांनी आडवा उजेड सोडला. बाळाने डोळे घट्ट मिटले, मग हळूच उघडले, आणि शिंकलं.

“काळ्याभोर,” डॉक्टर म्हणाले. “दोन्ही बाहुल्या काळ्याभोर.”

“शिंकली,” कमलबाई इंदूबाईंना म्हणाल्या. “तुमच्या घरी शिंक माईत नव्हती ना कोनाले?”

“तुमच्याकडून आली ती,” इंदूबाई म्हणाल्या.

पोरीच्या कानांची तपासणीही नंतर नीट आली. राहिला तो रक्ताचा रिपोर्ट. तो मॅडमनी स्वतः वॉर्डात जाऊन वाचला, कारण मोबाईलवर पाठवायचा नाही असं मी लॅबला बजावून सांगितलं होतं. आयजीएम नाही. निगेटिव्ह.

सगळ्यांनी सुपडूभाऊंकडे पाहिलं. ते विचार करत होते. दिवस राहिले ते पॉझिटिव्ह, तेव्हा वाटली. टॉर्च पॉझिटिव्ह, तेव्हा वाटली आणि घरात रडारड झाली. मग हाय, तेव्हा रडारड झाली आणि वाटायला हवी होती.

“मॅडम,” ते शेवटी म्हणाले, “तुमी एकदा पक्कं सांगा. निगेटिव्ह म्हंजे वाटायची का नही वाटायची?”

“वाटा,” मॅडम म्हणाल्या.

त्यांनी पिशवी उघडली. टॉर्चच्या खाली डबा होताच.